डोंगरातल्या अतिथिगृहासाठी चुना: गोणीतला, हौदातला आणि न्हाणीतला

डोंगरातलं जुनं घर पाहून तसंच अतिथिगृह उभारायचं ठरतं. दगडी भिंती येतात, लाकडी वासे येतात, उतरतं छप्पर येतं, गिलाव्याला चुनाही आणला जातो. दुसऱ्या पावसाळ्यात पलंगामागच्या भिंतीवर काळे ठिपके उठतात आणि बोल लागतो चुन्याला. जुन्या घरातली एक वस्तू मात्र नव्या घरात आणलेलीच नसते. ती म्हणजे चूल.

त्या घरात वर्षाचे बाराही महिने विस्तव असायचा. त्याची ऊब भिंती वाळवायची, धूर वासे आणि शाकारणी कीड-बुरशीपासून राखायचा. जपानमधल्या शिराकावा-गो गावातल्या उंच गवती छपरांची घरं (1995 पासून युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आहेत) अशाच मधल्या विस्तवाच्या धुरावर टिकली. अतिथिगृहाचं जगणं नेमकं उलटं. आठवडाभर दारं-खिडक्या बंद, मग शनिवारी एका खोलीत चार माणसं, चार गरम आंघोळी, ओले टॉवेल आणि दोरीवर भिजलेले मोजे. झोपलेला एक माणूस रात्रभरात पाव लिटरच्या वर पाणी श्वासातून आणि त्वचेतून हवेत सोडतो. जुन्या भिंतीला इतकी वाफ एका दमात कधी झेलावी लागली नव्हती, आणि लागली असती तरी सकाळी चूल पेटणारच होती.

म्हणून इथे चुन्याची परीक्षा एकाच प्रश्नावर केली आहे: चूल नसलेल्या घरात कुठला चुना कुठे चालतो? आधीच सांगून टाकावं, की वाफ शोषून ठेवण्यात चांगला मातीचा गिलावा चुन्याला मागे टाकतो. कोरड्या राहणाऱ्या झोपायच्या खोलीत, हात लागत नाही अशा भिंतींवर, मातीच जास्त शहाणी. चुना जिंकतो तो धक्का, घासणं आणि अधूनमधून पाणी लागणाऱ्या जागी. आणि दोघांनाही शोषलेली ओल परत टाकायला हलती हवा लागते. ‘श्वास घेणारी भिंत’ हे बोलायला छान आहे, पण भिंत म्हणजे पंखा नव्हे.

कळीचा चुना, हौदात भिजवलेला

चुनखडी साधारण 900 अंश सेल्सिअसला भाजली की कळीचा चुना मिळतो. एक किलो कळीला रसायनशास्त्राच्या हिशेबानं जेमतेम 320 ग्रॅम पाणी पुरतं, पण लगदा हवा असेल तर वजनाच्या अडीच ते तीनपट पाणी लागतं, कारण बरंच वाफ होऊन जातं. क्रम चुकवू नका: आधी पाणी, मग त्यात थोडा थोडा चुना. ढिगावर वरून पाणी ओतलं की आत उकळी फुटून चुना अंगावर उडतो. डोळ्यात गेला तर नजर जाऊ शकते, म्हणून बंद कडांचा चष्मा, हातमोजे आणि शेजारी स्वच्छ पाण्याची बादली असल्याशिवाय सुरुवात करू नये. भांडं लोखंडी घ्यावं किंवा हौद बांधावा. पातळ प्लास्टिकचं पिंप उष्णतेनं वाकतं.

भिजवलेला चुना बारीक जाळीतून गाळून, वर पाण्याचा चार-पाच बोटं थर ठेवून मुरवायचा. दर्जा, म्हणजे दगडांमधल्या सांधी, भरायला महिनाभर मुरलेला चालतो, गिलाव्याला तीन महिने द्या. मुदत कापली तर न भिजलेले कण भिंतीत जाऊन भिजतात, फुगतात आणि गिलाव्यात खळगे पाडतात. खळग्याच्या तळाशी पांढरा ठिपका दिसला तर कारण हेच. डोलोमाइटच्या खडकाचा चुना असेल तर हा त्रास जास्त आणि फार उशिरापर्यंत, कारण त्यातला मॅग्नेशियमचा भाग अतिशय सावकाश भिजतो. भारतीय मानक आयएस 712 मध्ये चुन्याचे वर्ग केले आहेत. त्यातला ‘सी’ वर्ग म्हणजे शुद्ध, चिकट चुना. आतल्या गिलाव्यासाठी तोच मागावा.

गुण म्हणाल तर मऊपणा, लवचीकपणा आणि दुरुस्तीची सोय यांत याला तोड नाही. वाळू मिसळून केलेला मालही झाकून ठेवला तर आठवडेच्या आठवडे टिकतो; वापरायच्या दिवशी पुन्हा कुटून मऊ करायचा. दोष एकच, पण डोंगरात तो फार मोठा ठरतो. हा चुना पाण्यानं नव्हे, हवेतल्या कार्बन डायऑक्साइडनं घट्ट होतो, आणि तेही महिन्याला मिलिमीटरभर अशा गतीनं. धुक्यात छिद्रं पाण्यानं भरून राहिली तर वायू आत शिरत नाही. उलट डोंगरमाथ्यावरच्या वाऱ्या-उन्हात दोन दिवसांत सुकला तरी तो घट्ट झालेला नसतो, नुसता वाळलेला असतो. बोट फिरवलं की भुकटी हाताला लागते. दोन्ही अवस्था वरून सारख्याच पांढऱ्या दिसतात. खात्री हवी असेल तर एक छोटा तुकडा मोडून ताज्या कडेवर फिनॉल्फथॅलीन या रंग बदलणाऱ्या रसायनाचे थेंब टाका: गुलाबी झालं तिथवर चुना कच्चा, रंग आला नाही तिथे पिकलेला. रंगकाम सुरू करण्याआधी ही चाचणी न करणारा ठेकेदार घाईत आहे असं समजावं.

थंडीत पाणी गोठणाऱ्या उंचीवर, बाहेरच्या अंगाला हा चुना पहिल्या हिमापूर्वी निदान दोन-तीन महिने लावून झालेला असावा. कच्च्या गिलाव्यात बर्फ धरला की तो पापुद्र्यांनी सुटतो, आणि मग खरवडून काढण्यावाचून उपाय नाही.

गोणीतली पूड

ही मिळायला सोपी आणि फसायलाही. भट्टीवरच मोजक्या पाण्यात भिजवून केलेली ही कोरडी पूड. ताजी असेल तर निदान 24 तास पाण्यात भिजत ठेवून तिचा बरा लगदा होतो. पण गोणी दमट गोदामात पडून राहिली तर आतला चुना हवेतला वायू घेऊन पुन्हा चुनखडी बनत जातो. त्या गोणीत मग बांधणारं काही उरत नाही, नुसता पांढरा भुगा राहतो. घरच्या घरी पारख करायची तर चमचाभर पुडीवर व्हिनेगर टाका. जोरात फसफसली तर गोणी शिळी. ताज्या मालात बुडबुडे नगण्य असतात.

दुसरी फसगत नावाची. ‘हायड्रेटेड’ म्हणजे भिजवलेला साधा चुना, ‘हायड्रॉलिक’ म्हणजे पाण्यातही घट्ट होणारा. गोणीवरची ही दोन नावं कानाला इतकी जवळची, की बाहेरच्या भिंतीसाठी मागवला हायड्रॉलिक आणि आला हायड्रेटेड, हे गवंड्यालाही काम बिघडेपर्यंत कळत नाही.

या प्रकाराला आम्ही आतल्या सफेदीपुरतं मान्य करतो. मुख्य गिलाव्याला नको.

हायड्रॉलिक चुना

चिकणमाती मिसळलेल्या चुनखडीपासून भाजलेला हा चुना आधी पाण्यानं घट्ट होतो, मग सावकाश हवेनं. युरोपीय मानकात त्याचे तीन वर्ग आहेत: एनएचएल (नॅचरल हायड्रॉलिक लाइम) 2, 3.5 आणि 5. आकडा म्हणजे 28 दिवसांनंतरची किमान दाबशक्ती, प्रति चौरस मिलिमीटर न्यूटनमध्ये. पण वरची मर्यादा पाहिली तर 2 चा वर्ग 7 पर्यंत, 3.5 चा 10 पर्यंत आणि 5 चा 15 पर्यंत जातो. म्हणजे 3.5 ची एखादी कडक गोणी 5 च्या मऊ गोणीहून कडक निघू शकते. म्हणून नुसत्या आकड्यावर न जाता उत्पादकाकडून त्या मालाचा प्रत्यक्ष चाचणी-आकडा मागवावा.

पाऊस झोडपणारी बाजू, जोत्याच्या वरचा पहिला मीटर, धुराड्याचं तोंड, पागोळ्यांचे शिंतोडे उडणारी जागा, इथे 3.5 योग्य. 5 फक्त कठीण दगडाच्या दर्जांना, पायाला किंवा पायऱ्यांना. मऊ दगडाच्या भिंतीत 5 वापरला तर दर्जा शाबूत राहतात आणि दगड झिजतो, म्हणजे उलटाच न्याय. कालवलेला माल त्याच दिवशी संपवायचा. घट्ट होऊ लागलेल्यात पाणी घालून पुन्हा मऊ करण्याचा मोह टाळायचा. शुद्ध चुन्याची सवय असलेले गवंडी नेमके इथेच चुकतात.

चुना आणि सुरखी

हायड्रॉलिक चुना मिळणं अवघड असेल, तर जुन्यांनी काढलेली वाट अजूनही चांगली आहे: साध्या चुन्यात विटांची बारीक भुकटी, म्हणजेच सुरखी. वीट कमी आचेवर भाजलेली हवी. काळपट, काचेसारखी झालेली जळकी वीट निरुपयोगी, कारण तिच्यातली माती चुन्याशी संयोग करत नाही. भुकटी सिमेंटइतकी बारीक दळलेली असावी. जाड तुकडे नुसते वाळूचं काम करतात. एक भाग चुन्याचा लगदा, एक भाग सुरखी, दोन भाग वाळू हे ओल्या जागेसाठी सुरुवातीचं प्रमाण. चुन्याच्या घाण्यात मळलेला माल फावड्यानं कालवलेल्यापेक्षा स्पष्टपणे सरस, कारण मळल्यानं पाणी न वाढवता माल मऊ होतो.

रंग गुलाबी येतो. तो लपवू नये, सुंदर दिसतो.

चुन्यात ‘थोडं सिमेंट’ टाकायची सूचना प्रत्येक कामावर कुणीतरी करतंच. पाच-दहा टक्के सिमेंटनं चुना मजबूत होत नाही. सिमेंट लवकर घट्ट होऊन चुन्याच्या सावकाश पिकण्यात अडथळा आणतं आणि क्षारही आणतं. भिंतीला लोणा लागतो तो बहुधा इथून. सिमेंट हवंच असेल तर ते काँक्रीटच्या पट्ट्यात वापरा, गिलाव्यात नको.

वाळू, थर, पाणी

चुन्याच्या निम्म्या तक्रारी वाळूच्या असतात. एक लिटरच्या भांड्यात कोरडी वाळू काठोकाठ भरा आणि मापानं पाणी ओतत जा. वर पाणी दिसेपर्यंत जितकं गेलं, तितकी पोकळी, आणि तितकाच लगदा लागणार. चांगल्या, मिश्र दाण्यांच्या वाळूत 330 मिलिलिटरच्या आसपास पाणी जातं. एकास तीन हे सर्वतोमुखी प्रमाण तिथूनच आलं. 400 गेलं तर एकास तीननं भिंत भुसभुशीत होणार. तळाच्या थराला चार-पाच मिलिमीटरपर्यंतचे धारदार दाणे असलेली, धुतलेली वाळू घ्या. बाटलीत पाणी आणि चिमूटभर मीठ घालून हलवा. वर बसणारा गाळ आठ टक्क्यांहून जास्त असेल तर वाळू परत पाठवा.

भिंत आदल्या दिवशी आणि लावण्याच्या तासभर आधी भिजवायची, पण पाणी ओघळत असताना लावायचं नाही. पहिला थर 10 ते 12 मिलिमीटर, दुसरा 8 ते 10, शेवटचा 3. एकदम 25 मिलिमीटर थापला तर तो स्वतःच्या वजनानं लोंबतो आणि बाहेरून सुकून आत ओला राहतो. पहिल्या थरात ताग किंवा बोकडाचे केस मिसळावेत, अगदी वापरायच्या वेळी. चुन्यात मुरत ठेवले तर केस विरून जातात. दुसऱ्या दिवशी बारीक भेगा दिसतील. घाबरू नका, अंगठा रुतत नाही पण नख उमटतं अशा वेळी लाकडी रंध्यानं दाबून घोटलं की त्या मिटतात. मग तिरक्या रेघा ओरबाडून पुढच्या थराला पकड द्या. निदान सात दिवस समोर ओलं गोणपाट टांगा. भिंतीला चिकटवू नका, बोटभर अंतर ठेवा आणि दिवसातून दोन-तीनदा फवारा मारा.

शेवटी प्लास्टिक रंग लावून सगळं पाण्यात घालवलं जातं, हे आम्ही इतक्यांदा पाहतो की वेगळं लिहावं लागतं. ती चकचकीत कातडी ओल आत कोंडते आणि पहिल्या दोन ऋतूंत पोपडे धरते. सफेदी दुधासारखी पातळ करून, भिंत ओलसर करून, दिवसाआड चार-पाच हात द्यावेत. ओली असताना ती पारदर्शक दिसते. म्हणून दाट करण्याचा मोह होतो, आणि दाट हात उडून पडतो.

सांगाडा कुणाचा?

चुना हे भिंतीचं मांस आहे, हाडं नव्हेत. डोंगर म्हणजे बहुतेक ठिकाणी भूकंपही. हिमाचलातली काठ-कुणी पद्धत, म्हणजे लाकडाचे आणि कोरड्या दगडांचे आळीपाळीचे थर, 1905 च्या कांगडा भूकंपानंतर आजवर अभ्यासली जाते. काश्मीरची धज्जी देवारी, म्हणजे लाकडी चौकटींच्या लहान लहान खणांत भरलेले दगड-विटा, 2005 च्या भूकंपानंतर पुन्हा चर्चेत आली. दोन्हींत धक्का लाकूड झेलतं. नुसत्या गोल, वेड्यावाकड्या दगडांची चुन्यात बांधलेली जाड भिंत मात्र धक्क्यात मधोमध फाकते आणि दोन पापुद्रे बाहेर फुगतात. त्यासाठी उंचीत दर 600 मिलिमीटरला आणि लांबीत दर 1200 मिलिमीटरला भिंतीच्या आरपार जाणारा लांब दगड हवा, शिवाय जोतं, दारांच्या चौकटींचा माथा आणि छपराखाली सलग पट्टा. ही कामं गिलाव्याखाली झाकली जातात, म्हणून बांधताना फोटो काढून ठेवावेत.

लाकडी चौकटीवरून गिलावा सलग ओढू नका. लाकूड फुगतं-आकसतं आणि त्या रेषेत भेग येणारच. गिलावा लाकडाच्या कडेशी थांबवून सुरीनं बारीक खाच कापावी, लाकूड उघडं ठेवावं. जुन्या घरांत ते उघडं असायचं, त्यामागे नुसती हौस नव्हती.

वळचण भिंतीपासून 600 ते 900 मिलिमीटर बाहेर, जोतं निदान 450 मिलिमीटर उंच आणि गिलाव्याशिवाय, डोंगराकडच्या बाजूला कापलेला कडा आणि भिंत यांत माणूस चालेल इतकी मोकळी जागा व तळाशी चर. एवढं नसेल तर वरच्या कुठल्याच चुन्याची परीक्षा घेण्यात अर्थ नाही. सगळेच नापास होतील.

न्हाणी, म्हणजे खरी कसोटी

अतिथिगृहात तक्रार न्हाणीघरातून येते. मोरोक्कोतली तादेलाक्त ही पद्धत इथे सर्वात जास्त विचारली जाते: चुन्याचा गिलावा गुळगुळीत दगडानं घोटायचा आणि ओला असतानाच ऑलिव्हच्या तेलाच्या काळ्या साबणानं माखायचा. साबण आणि चुना यांच्या संयोगातून पाण्यात न विरघळणारा थर तयार होतो आणि पाणी ओघळून जातं. दिसायला अप्रतिम. वॉशबेसिनमागची भिंत आणि शॉवरपासून दूरच्या भिंती यांसाठी आम्ही बिनशर्त हो म्हणतो.

शॉवरखाली मात्र फक्त तिथे, जिथे मालक स्वतः राहतो. कारण सफाई. रोज खोल्या आवरणारी माणसं अम्लाचा साफसफाईचा द्रव वापरतात. चुन्याला अम्ल म्हणजे दगडाला छिन्नी. दोन-चार महिन्यांत झिलई जाते, मग पाणी आत मुरतं. दुरुस्तीही ठिगळासारखी दिसते. चालत्या अतिथिगृहात शॉवरच्या तीन बाजूंना दोन मीटरपर्यंत स्थानिक पातळ दगडाच्या फरश्या, खाली नीट जलरोधक थर आणि वर चुना, ही वाटणी टिकते. नळ चुन्याच्या भिंतीत खाच मारून पुरू नका. खाच बुजवायला सिमेंट येतं, त्या पट्टीच्या दोन्ही बाजूंना भेग येते, आणि गळती झाली तर सगळी भिंत फोडावी लागते. नळ उघड्यावरून न्या.

चुलीचं काम इथे पंख्यानं करायचं आहे. वाफ ओढणारा पंखा दिव्याच्या बटणाला जोडा आणि दिवा मालवल्यावर आणखी 20 ते 30 मिनिटं चालेल असं यंत्र बसवा. दाराखाली 10 ते 15 मिलिमीटर फट ठेवा, नाहीतर पंखा हवा आणणार कुठून? खोलीतल्या कपाटाला पाठ ठेवू नका किंवा ते भिंतीपासून 50 मिलिमीटर पुढे ओढा, पलंगाचंही तेच. हंगाम संपल्यावर खोली कुलूपबंद करण्याऐवजी जाळीच्या झडपा उघड्या ठेवून कपाटांची दारं सताड सोडा. शक्य असेल तिथे इमारतीच्या मधोमध जाड विटांची शेगडी बांधून धुराडं आतल्या भिंतीतून न्यावं. आठवड्यातून दोनदा पेटवली तरी त्या भागातल्या खोल्या कोरड्या राहतात, आणि पाहुण्यांना बसायला जागा मिळते ती वेगळीच.

काम संपल्यावर उरलेला लगदा टाकू नका. झाकणाच्या बादलीत, वर पाण्याचा थर ठेवून, सावलीत ठेवला तर तो वर्षानुवर्षं चांगला राहतो. बादलीवर वाळू कुठल्या नदीची किंवा खाणीची, प्रमाण काय आणि कुठल्या भिंतीला लावला ते लिहून ठेवा, आणि सोबत त्याच वाळूची एक गोणी. पुढच्या वर्षी पाहुण्याची सूटकेस लागून कोपरा उडेल, तेव्हा नव्या वाळूच्या मालाचं ठिगळ दुरूनही दिसतं. या बादलीतल्या मालाचं शोधावं लागतं.